मास्तरचा गळा

मंगळवारी दुपारी मास्तर बोलता बोलता गप्प झाला.

मास्तर म्हणजे माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांना वयाच्या सहाव्या वर्षापासून दिसत नाही. ते टाइप करतात आणि कॉम्प्युटर ते त्यांना वाचून दाखवतो. त्या वाचणाऱ्या आवाजाचं नाव घरात मास्तर पडलं, आणि मग सगळ्या यंत्रालाच ते चिकटलं. लग्न होऊन मी या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तो आवाज ऐकतेय आणि त्यातला एक शब्द मला कधी कळलेला नाही. अप्पा त्याला इतक्या वेगाने पळवतात की त्याला बोलणं म्हणावं की नाही, असा प्रश्न पडतो. पत्र्याच्या डब्यात खडे भरून कुणी तो जोरजोरात हलवत बसावं, तसं ते ऐकू येतं. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलंय. घाबरत घाबरत सांगायला गेले, तर अप्पा म्हणाले, "बिघडलं नाही गं, परिच्छेद वाचतंय. तूच जरा हळू ऐकतेस."

तर हा मास्तर गप्प झाला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. इतकी वर्षं डोकं उठवणारा आवाज बंद झाला की खरं तर हायसं वाटायला हवं. मला मात्र एकदम चुकल्यासारखं झालं. मी आत गेले.

अप्पा टेबलामागच्या वायरी एकेक चाचपून दाबत होते. वायरींच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, कारण तीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यापासून ते पाणीपुरवठा मंडळाच्या सभांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देतात. डाव्या कानात रेकॉर्डिंगचा इअरफोन. पायाखाली पॅडल, दाबलं की रेकॉर्डिंग चालू, सोडलं की बंद. उजवा कान मास्तरसाठी, आणि मास्तर टेबलावरच्या स्पीकरमधून बोलतो. मी एकदा विचारलं होतं, त्यालाही इअरफोन का नाही लावत, निदान आमच्या कानांची तरी सुटका होईल. ते म्हणाले, "दोन्ही कान झाकले तर मला घर दिसत नाही."

"स्पीकर ठीक आहे," अप्पा म्हणाले. तो त्यांनी काढून रेडिओला लावून पाहिला होता. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला. "पंखा फिरतोय. गरमही आहे. मला वाटतं नुसता गळा बसलाय याचा. पडद्यावर काय दिसतंय ते बघ बरं."

पडदा म्हणजे जुना, पाठीला मोठं कुबड असलेला मॉनिटर. त्याच्यावर कायम एक कापड असतं, कापडावर किल्ल्यांची वाटी, माझ्या केसांच्या पिना आणि एक कुंडी. मी सगळा संसार हलवला, कापड काढलं, बटण दाबलं. काही नाही. दुसरं बटण दाबलं. काळाकुट्ट.

"काहीच नाही अप्पा. काळा आहे."

"नक्की?"

"नक्की. मला दिसतंय ना."

"मग गेलं," अप्पा म्हणाले आणि पायाखालचं पॅडल हळूच टेबलाखाली सरकवून ठेवलं.

मी नवऱ्याला फोन लावला. माझा नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे. लोकांच्या लिफ्टा वर्षानुवर्षं दुरुस्त करून चालवतो, पण घरात त्याला दुरुस्ती या शब्दाचं वावडं आहे. छत्रीची एक काडी वाकली की तो नवी छत्री घेऊन येतो. "आवाज नाही, चित्र नाही, मग राहिलं काय?" तो म्हणाला. "मदरबोर्ड गेला असणार. अगं, वीस वर्षांचं यंत्र आहे ते. म्युझियमवाले घेतील. नवीन घेऊ."

"आणि मास्तर?"

"तो आवाज नव्या मशीनवर चढतच नाही. ती कंपनी कधीच बंद झाली. पण नवे आवाज किती छान असतात, तू ऐक तर खरं."

बुधवारी संध्याकाळी त्याने ऑफिसचा लॅपटॉप आणला आणि अप्पांसमोर ठेवला. त्यात एक बाई बोलायला लागली. इतकं शुद्ध, इतकं गोड, की मला वाटलं आता ही चौकशी करणार, आपण कसे आहात. अप्पांनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं. मग म्हणाले, "वाढव." नवऱ्याने वेग वाढवला. "आणखी." आणखी वाढवला. "आणखी." बाई धावायला लागली, तिचं गोड बोलणं एकात एक मिसळून गेलं. अप्पांनी ते अख्खं पान ऐकून घेतलं.

"छान आहे," ते म्हणाले. "चालेल."

नवऱ्याचा चेहरा फुलला. शुक्रवारी तो सकाळी गावाला जाऊन दुपारी परत येणार होता, येताना चार वाजता दुकानातून नवं मशीन उचलायचं, असं तिथल्या तिथे ठरलंही. मी ताटं मांडताना अप्पांना पुन्हा विचारलं, "अप्पा, चालेल ना?" ते म्हणाले, "चालेल." जेवण झाल्यावर हात पुसायला टॉवेल देताना म्हटलं, "खरंच चालेल ना पण?" "चालेल गं, किती वेळा विचारशील!"

माझा एक वाईट स्वभाव आहे. एखादा गुंता फार पटकन सुटला की मला चैन पडत नाही. हे अप्पा म्हणजे चहात साखर अर्धा चमचा जास्त पडली तर वाद घालणारे. खोलीतली खुर्ची वीतभर हलवली तर दिवसभर ऐकवणारे. ते वीस वर्षांची संगत एका शब्दात सोडून देतात? आणि दुसरं म्हणजे, खोटं बोलताना अप्पा डाव्या अंगठ्याने तर्जनीचं नख घासतात. गोळी घेतली का विचारलं की घासतात. तिन्ही वेळा 'चालेल' म्हणताना ते नख घासत होते. नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुला ना, गुप्तहेर खात्यात पाठवायला हवं होतं."

पण प्रश्न गमतीचा नव्हता. मंडळाच्या एका लांबलचक सुनावणीचं काम अप्पांच्या हातात होतं, सोमवारी द्यायचं होतं. त्या ऑफिसला उशीर खपत नाही. अप्पांबरोबर हे काम करणारे आणखी दोघं होते, दोघांचीही कामं अशीच उशिरापायी हळूहळू बंद झाली. नव्या आवाजाने अप्पांचा हात चालला नाही, तर त्यांचंही काम जाईल, हे मला कळत होतं. आणि काम गेलं तर अप्पांचं काय होईल, हा विचार मी पुढे जाऊच देत नव्हते.

गुरुवारी दुपारी मी भांडी घासत होते. आतून टकटक ऐकू आली. कीबोर्डची. मी नळ बंद केला. टकटक चालूच. मग थांबली, जरा वेळाने पुन्हा सुरू झाली.

तशीच ओल्या हातांनी दारापर्यंत गेले. अप्पा मेलेल्या यंत्रासमोर बसून टाइप करत होते. स्पीकर गप्प, पडद्यावर पुन्हा कापड, कापडावर कुंडी. डाव्या कानात इअरफोनही नव्हता. म्हणजे कामाचं टाइप करत नव्हते. नुसतेच, मनचं काहीतरी. मध्येच थांबत, छताकडे तोंड करत, ओठ मिटत आणि पुन्हा बोटं सुटत. एकदा तर स्वतःशी हसले. मी श्वास रोखून उभी राहिले आणि मग पाय न वाजवता मागे आले.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी काय चाललं होतं?"

"काही नाही. बोटांना चाळा," म्हणाले आणि नख घासलं.

आता मात्र मला राहवेना. ज्या यंत्रात काही उरत नाही, त्यात माणूस तासभर काय लिहीत असेल? जुने टेलिफोन नंबर? पाठ केलेलं काही? की आमच्या तक्रारी? काय काय डोक्यात आलं. अप्पांचं डोकं ठिकाणावर आहे ना, इथपर्यंत मजल गेली, आणि त्या विचाराची लाजही वाटली. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारी सकाळी तो गावाला गेल्या गेल्या मी चपला घातल्या आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुरुस्तीवालीकडे गेले.

चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी तिचं खोलीएवढं दुकान आहे. चष्मा कपाळावर, डोळ्याशी भिंग, समोर कुणाच्या तरी रेडिओची आतडी पसरलेली. मी सगळं सांगितलं. "डबा घेऊन येऊ का?" असं विचारलं तर तिने भिंग खाली ठेवलं.

"आणायचा नाही. मी येते. यंत्र त्याच्या जागेवरच बघायचं असतं. निम्मे बिघाड टेबलाखाली असतात," ती म्हणाली. "उरलेले माणसांत."

आम्ही घरात शिरलो तेव्हा आतली टकटक थांबली. अप्पा हात मांडीवर घेऊन साळसूदासारखे बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, या बघायला आल्यात. नवीन तर येतंच आहे, पण बघून घेऊ."

"बघू देत की," अप्पा म्हणाले. "मेलेल्याला डॉक्टर दाखवायला काय हरकत आहे?"

दुरुस्तीवालीने आधी डब्याला कान लावला. मग तिची नजर पडद्यावर गेली. कापड, वाटी, पिना, कुंडी, सगळं तिने नीट पाहून घेतलं.

"काका, हा पडदा शेवटचा कधी चालू होता?"

"मला काय विचारता?" अप्पा म्हणाले.

ती जीभ चावून माझ्याकडे वळली. या घरात मी तो पडदा चालू असलेला कधी पाहिलाच नव्हता. अप्पांना त्याची गरज नव्हती आणि आम्हाला त्या यंत्रात काही पाहायचं नव्हतं.

"झाड इथे किती वर्षं आहे?"

"आठ असतील."

"पाणी?"

"एक दिवसाआड," मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानांना बारीक वाटला.

तिने पडदा उचलून फिरवला. पाठीवरच्या जाळीतून पांढरे ओघळ खाली आले होते, आत सगळा गंज. "ताई, याला जाऊन किमान सात वर्षं झालीत. आणि नशीब समजा गेला ते. चालू असता आणि तुम्ही वरून पाणी घातलं असतं, तर आज मला दार उघडायला तुम्ही नसता."

तिने पिशवीतून पाटीएवढा एक पातळ पडदा काढला. तपासणीसाठी ती तो कायम जवळ ठेवते. वायर मागे खोचली. पडदा आधी निळा झाला, मग पांढरा. आणि मग त्याच्यावर वरपासून खालपर्यंत भरलेलं एक पान आलं.

मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

मास्तर मेलाच नव्हता. मंगळवारपासून तो चांगला जिवंत होता. अप्पांनी तर पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतं, की नुसता गळा बसलाय. मीच त्यांना सांगितलं, पडदा काळा आहे, नक्की काळा आहे, मला दिसतंय ना. त्यांनी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून स्वतःच्या कानांचं आणि हाताचं म्हणणं मोडीत काढलं होतं. आणि मग तीन दिवस, सवयीने, आधी नवी फाइल उघडून आणि प्रत्येक परिच्छेद संपला की जतन करून, त्यांची बोटं त्या मेलेल्या यंत्राशी बोलत राहिली होती.

"काय झालं?" अप्पा म्हणाले. "दोघी गप्प का?"

"काका, मशीन चालू आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "फक्त आवाजाचा भाग जळलाय. बाकी डोकं शाबूत आहे. पहिल्या दिवसापासून चालूच होतं."

अप्पांचे हात मांडीवरून उठले आणि कीबोर्डवर येऊन झाकल्यासारखे थांबले. "म्हणजे जे टाइप केलं..."

"आहे सगळं."

"पडद्यावर आहे? आत्ता?"

"हो."

या घरात अप्पांना कधी काही लपवावं लागलं नव्हतं. पडदा मेलेला, आणि मास्तरचं बोलणं त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. कुलपाची गरजच पडली नाही. आज पहिल्यांदा त्यांचं लिहिलेलं चार परक्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं. त्यांतले दोन डोळे माझे होते, आणि ते मला स्वतःलाच परके वाटले.

"तू वाचलंस?" त्यांनी मला विचारलं.

चष्मा नाही म्हणून सांगता आलं असतं. "दोन ओळी वाचल्या. मग थांबले."

"कुठल्या दोन?"

"'मास्तर बंद आहे तरी लिहितो. कुणी ऐकत नाही हे बरं आहे.' एवढंच."

त्यांचा अंगठा नखापाशी गेला, पण त्यांनी घासलं नाही. मग ते खुर्चीत मागे टेकले. "वाच मग सगळं. मोठ्याने वाच. काय लिहिलंय ते मलाही ऐकू दे, माझा वाचणारा गप्प बसलाय."

दुरुस्तीवाली बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरली. तिथे तिचं काही काम नव्हतं. ती बाई मला त्या क्षणी फार आवडली.

मी वाचायला लागले.

"'बुधवार. पोराने नवा आवाज ऐकवला. बाईचा आहे, गोड आहे. माझ्या वेगाला आणला की शब्द विरघळतात. चारातला एक कळला. मी चालेल म्हणालो. पोरगा इतका खूश होता, की दुसरं काही म्हणवलं नाही.'"

"किती हळू वाचतेस गं!" अप्पा म्हणाले.

"अप्पा!"

"बरं, बरं. वाच."

"'हिशेब केला. नव्या आवाजाने एका दिवसाचं काम चार दिवसांत होईल. ऑफिस एकदा थांबेल, दोनदा थांबेल. तिसऱ्यांदा थांबणार नाही. त्याबद्दल त्यांना दोष नाही. पण मग सकाळी उठून मी कुठे बसायचं, हे कुणी सांगितलं तर बरं होईल.'"

अप्पांचा चेहरा खिडकीकडे होता, जणू दुसऱ्याच कुणाचं पत्र वाचून चाललंय.

"'सून दोनदा म्हणाली, चालेल ना? तिला काळजी आहे, ते कळतं. पण चालेल ना, याला नाही म्हणता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. लाइनवर आलेल्या माणसाला हा नंबर हवा ना, असं विचारायचं नाही. तो घाईत असतो, भिडस्त असतो, हो म्हणून टाकतो आणि भलतीकडे जोडला जातो. विचारायचं, कुठला नंबर हवाय? आणि मग गप्प राहायचं.'"

टेबलाखालची बॅटरी विझली.

शेवटचा परिच्छेद गुरुवारचा होता. मी तो आधी मनात वाचला, आणि मग मोठ्याने वाचायला मला फार वेळ लागला.

"'ती आत्ता दारात उभी आहे. हात ओले आहेत, थेंब पडतायत. तिला वाटतं, मला कळलेलं नाही. श्वास रोखलाय. हसू येतं मला. आत ये की बाई. एकदा नीट विचार. विचारलंस तर सांगेन.'"

त्यानंतर त्या फाइलमध्ये एकच अर्धवट ओळ होती, आम्ही घरात शिरलो तेव्हा सुटलेली. ती मी वाचली नाही. अप्पांनीही विचारलं नाही.

दुरुस्तीवाली टेबलाखालून बाहेर आली, गुडघे झटकले. ती थेट कामाचं बोलायला लागली, आणि तेच बरं झालं. "आवाजाचं एक वेगळं कार्ड बसवते. पाऊण तासात बोलायला लागेल. पण खरं सांगते. आतली कपॅसिटरची दोन-तीन नळकांडी फुगलीत, ही बघा. वर्षभर चालेल, कदाचित दीड. त्यापुढचा शब्द मी देणार नाही. नवीन घेतलंत तर ही कटकट नाही, पण हा आवाज नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा."

हे सगळं ती माझ्याकडे बघून बोलत होती. डोळे असलेल्याकडे बघून बोलायची सगळ्यांना सवय असते. माझ्या तोंडावर आलंही होतं, 'आत्ता दुरुस्त करू आणि मग नवीन घेऊ, चालेल ना अप्पा?' मी ते गिळलं. खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसले.

"अप्पा," मी म्हटलं, "कुठला नंबर हवाय?"

आणि गप्प राहिले. माझ्यासारखीला ते किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

अप्पांनी घाई केली नाही. "मास्तर," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत मला मास्तरच हवा. आणि त्यानंतरही, तो आहे तोवर. ती नवी बाईपण येऊ दे घरात. रोज एक तास बसेन तिच्याबरोबर. आज चारातला एक कळतो, बघू किती पुढे जातंय. मास्तरचाही एक शब्द मला पहिले चार महिने कळत नव्हता. पण तिला या टेबलावर कधी बसवायचं ते मी सांगेन. तोवर ती तुमच्या टेबलावर."

मी नवऱ्याला फोन लावला आणि बोलायला न लागता तो अप्पांच्या हातात दिला.

"पोरा," अप्पा म्हणाले, "परवा चालेल म्हणालो ते खोटं होतं."

पलीकडे रस्त्याची गडबड ऐकू येत होती. मग नवऱ्याचा आवाज, जरा दुखावलेला. "मग सांगायचं ना अप्पा."

"आता सांगतोय," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या दोन्ही हातांचे अंगठे स्वस्थ होते. ते बराच वेळ बोलले. लॅपटॉपवर शब्द कुठे विरघळतात, कुठल्या वेगापर्यंत सुटे राहतात, हे त्यांनी इतकं बारकाईने सांगितलं की नवऱ्याने शेवटी विचारलं, लिहून घेऊ का?

पाऊण तासाऐवजी दीड तास लागला. कुंडी मी खिडकीत नेऊन ठेवली, आणि मेलेला पडदा दाराबाहेर. दुरुस्तीवालीने शेवटचा स्क्रू आवळला, स्पीकरची वायर अप्पांच्या हातात दिली. "तुम्हीच लावा."

अप्पांनी जागा न शोधता ती बरोबर खोचली. खर्रकन आवाज आला, आणि मास्तर बोलायला लागला. पत्र्याचा डबा, आत खडे, तेच. दुरुस्तीवाली दचकून मागे सरकली. "बिघडलंय का?"

"परिच्छेद वाचतंय," मी म्हटलं.

उघडीच असलेली फाइल तो वाचत होता. तीन दिवसांचं सगळं, जे वाचायला मला घाम फुटला होता, ते तो एवढ्याशा वेळात भराभरा उरकत होता. मी नेहमीसारखी उभी होते. आणि एकाएकी त्या खडखडाटातून एक शब्द सुटा होऊन माझ्या कानावर आदळला. 'दारात.' लख्ख. मी अक्षरशः उडाले.

अप्पांनी मान माझ्याकडे वळवली. "कळलं?"

"एक शब्द."

"अकरा वर्षांत एक," अप्पा म्हणाले. "वाईट नाही." मग त्यांनी ती फाइल बंद केली, डाव्या कानात इअरफोन घातला आणि पायाने टेबलाखालचं पॅडल शोधायला लागले. मी खाली वाकून ते त्यांच्या पायाशी सरकवलं.